तळ्याकाठचा मुक्काम: पहिल्यांदाच तंबू ठोकणाऱ्यांसाठी

डोंगरातल्या जंगलात, तळ्याच्या काठी असलेल्या कॅम्पग्राउंडवर नवखा माणूस पोहोचला की त्याचे पाय आपोआप पाण्याकडे वळतात. जिथून तळं सगळ्यात छान दिसतं, तिथेच त्याला तंबू ठोकायचा असतो. नेमकी तीच जागा रात्री बहुतेक वेळा सगळ्यात गार, सगळ्यात ओली आणि डासांनी भरलेली असते. म्हणून पहिला नियम असा: जागा संध्याकाळी कशी दिसते यावर भाळायचं नाही, पहाटे चारला तिथे काय परिस्थिती असेल याचा अंदाज घ्यायचा. तळं बघायला काठावर जा, झोपायला मागे या.

निघण्याआधी

कॅम्पग्राउंडचा नकाशा बहुतेक ठिकाणी बुकिंग करतानाच बघायला मिळतो. त्यात साइटचे क्रमांक, पाण्याचा नळ, शौचालय आणि गाड्यांचा रस्ता दाखवलेला असतो. शौचालयाला अगदी खेटून असलेली साइट घेऊ नका, रात्रभर लोकांची ये-जा आणि दाराचे आवाज ऐकावे लागतात. फार लांबचीही नको. शेकोटीला परवानगी आहे का, गेट किती वाजता बंद होतं, मासे धरायला परवाना लागतो का, नळाला सध्या पाणी आहे का, हे आधी विचारून घ्या. उंचावरच्या कॅम्पग्राउंडवर पाइप गोठू नयेत म्हणून थंडीच्या तोंडावर नळ बंद करतात. हे तिथे गेल्यावर कळलं तर पंचाईत होते.

मग हवामान बघा, पण कुठलं बघताय याकडे लक्ष द्या. मोबाइलवर दिसणारा अंदाज अनेकदा पायथ्याच्या शहराचा असतो. साधारणपणे दर १००० मीटर चढाला तापमान ६.५ अंश सेल्सिअसने उतरतं. शहर ५०० मीटरवर असेल आणि तिथे रात्रीचं तापमान १८ अंश दाखवत असेल, तर २००० मीटरवरच्या तळ्याकाठी ८ अंशांच्या आसपास धरा. तळं चारही बाजूंनी डोंगर असलेल्या वाटीत असेल तर त्याहूनही कमी.

सामानात पैसे घालायचे तर आधी झोपण्याच्या सामानात घाला. तंबू पाऊस-वारा अडवतो, ऊब देणं हे काम स्लीपिंग बॅगचं आणि तिच्याखालच्या मॅटचं. स्लीपिंग बॅगच्या लेबलवर सहसा तापमानाचे तीन आकडे असतात: कम्फर्ट (आरामात झोप लागेल असं), लिमिट (जेमतेम झोप निभेल असं) आणि एक्स्ट्रीम. दुकानात मोठ्या अक्षरात झळकतो तो बऱ्याचदा लिमिटचा आकडा. तुम्ही कम्फर्टचा बघा, आणि अपेक्षित तापमानापेक्षा चार-पाच अंश कमीच्या कम्फर्टची बॅग घ्या. एक्स्ट्रीम म्हणजे जेमतेम जीव वाचेल असं तापमान. त्याचा झोपेशी संबंध नाही.

मॅटकडे मात्र जवळजवळ सगळेच नवखे दुर्लक्ष करतात. अंगाखालची बॅग वजनाने दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि खालून ऊब मिळणं थांबतं. तिथून पुढे जमीन अंगातली उष्णता ओढत राहते, वर कितीही पांघरलं तरी. मॅटची उष्णता अडवण्याची ताकद आर-व्हॅल्यूने मोजतात. उबदार रात्रींना १ ते २ चालते, तापमान शून्याच्या जवळ जाणार असेल तर ३ ते ४ हवी, बर्फावर झोपायचं तर ५ च्या वर. साधी फुगवायची गादी जाड आणि मऊ असते, पण आतली हवा खेळत राहते, त्यामुळे थंडीत तिचा उपयोग कमी. हाताशी दोन मॅट असतील तर एकावर एक टाका. आर-व्हॅल्यूची सरळ बेरीज होते.

तंबूवर जितकी माणसं लिहिलेली असतात, त्यातून एक वजा करा. तिघांच्या तंबूत दोघं सामानासकट नीट झोपतात. वरचं पावसाचं कापड, म्हणजे फ्लाय, जवळजवळ जमिनीपर्यंत येणारं असावं. आणि तो तंबू घरी किंवा एखाद्या मैदानात एकदा उभारून बघाच. कुठली काठी कुठल्या बाहीत जाते हे अंधारात, वाऱ्यात शोधायची वेळ येऊ देऊ नका.

कपडे थरांचे घ्या: अंगाला लागून लवकर वाळणारा, मधे लोकरीचा किंवा फ्लीसचा, वर वारा-पाऊस अडवणारा. सुती कपडे ओले झाले की लवकर वाळत नाहीत आणि अंग गारठवतात. झोपायचा एक कोरडा जोड, मोजे आणि टोपी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. दिवसा कितीही मोह झाला तरी ती पिशवी उघडायची नाही.

बाकी किरकोळ: प्रत्येकाला स्वतःचा हेडलॅम्प, जादा सेल, प्रथमोपचाराची पेटी, चिकटपट्टी, दोरी, लायटर, शिट्टी. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या, रेंजच्या भरवशावर राहू नका. कुठे चाललात आणि कधी परतणार, हे मागे राहणाऱ्या एकाला सांगून ठेवा.

उजेडात पोहोचा

पंचांगातला सूर्यास्त डोंगरात उपयोगाचा नाही. पश्चिमेला उंच धार असेल तर सूर्य तास-दीड तास आधीच आड जातो आणि सावली पडताच गारठा सुरू होतो. सूर्यास्ताच्या तीन तास आधी पोहोचायचं ठरवा, म्हणजे वाटेत उशीर झाला तरी तंबू उजेडात उभा राहील.

जागा निवडणं

बऱ्याच कॅम्पग्राउंडवर साइट ठरवून दिलेली असते, पण त्या साइटच्या हद्दीत तंबू नेमका कुठे लावायचा हे तुमच्या हातात असतं. मोकळ्या जागेवर मुक्काम करायची मुभा असेल तर काठापासून किमान ६० मीटर मागे या, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर-ऐंशी पावलं. तळ्याचं पाणी स्वच्छ राहतं आणि रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाटही मोकळी राहते.

सामान न उघडता आधी जागेवर फिरून घ्या. पहिल्यांदा वर बघा. वाळलेलं उभं झाड, अर्धवट मोडून लटकलेली फांदी, खोडावर मोठाल्या बुरश्या, यांपैकी काहीही दिसलं तर तिथे झोपायचं नाही. अशा फांद्या वारा नसतानाही पडतात. साइट ठरलेलीच असेल आणि वर असं झाड असेल तर कॅम्पग्राउंडच्या माणसाला सांगून जागा बदलून घ्या. त्यात भिडस्तपणा करू नका.

मग खाली बघा. पाला एका दिशेला वाहून साचलेला आहे का, माती तडे जाऊन पापुद्र्यासारखी सुटलीय का? म्हणजे तिथे पाणी साचून वाळलेलं आहे. वर्षानुवर्षं तंबू लागून जमीन मधे दबलेली असते, तीही पावसात डबकं होते. किंचित उताराची जागा चांगली, डोकं चढाकडे करून झोपायचं. काठावर लाकडाचे तुकडे, काडीकचरा एका ओळीत अडकलेला दिसतो. पाणी तिथवर येऊन गेल्याची ती खूण. तळं धरणाचं असेल तर पाऊस नसतानाही पातळी वाढू शकते.

आता थंडीचा हिशोब. रात्री उतारावरची हवा गार होते, गार हवा जड असते, त्यामुळे ती पाण्यासारखीच उतारावरून वाहत खाली येते आणि सखल भागात साचते. सगळ्यात सखल भाग म्हणजे तळ्याचा काठ आणि तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याचं पात्र. थोडंसं वर, एखाद्या पायरीसारख्या सपाटीवर गेलात तरी फरक जाणवतो. सकाळी धुकं कुठवर बसलंय ते बघा, या हवेची वरची कड डोळ्यांनी दिसते. शक्य असेल तर जिवंत, निरोगी झाडांच्या कडेला तंबू लावा. मोकळ्या आभाळाखाली दंव जास्त पडतं, झाडांखाली कमी. पूर्वेकडून सकाळचं ऊन कुठे पडेल याचाही अंदाज घ्या. पहिलं ऊन मिळणारी साइट सोन्यासारखी.

तंबू उभारणं

खडे, काटक्या, शंकूंसारखी टोकदार फळं बाजूला करा. तंबूभोवती चर मात्र खणू नका. माती सैल होते, मुळं उघडी पडतात आणि चांगल्या तंबूला त्याची गरजही नसते. खाली अंथरायचं ताडपत्रीचं कापड तंबूच्या तळापेक्षा जरासं लहान हवं. ते कडेने बाहेर डोकावत राहिलं तर फ्लायवरून ओघळणारं पाणी झेलून थेट तुमच्या पाठीखाली आणतं. जास्तीचं कापड आत दुमडून घ्या.

तंबूची अरुंद किंवा बुटकी बाजू वाऱ्याकडे, दार वाऱ्याच्या आडोशाला. आधी चारही कोपऱ्यांच्या खुंट्या, मग काठ्या, मग फ्लाय. खुंटी सरळ उभी ठोकू नका. तिचं टोक तंबूच्या बाजूला आणि डोकं तंबूपासून लांब, अशी तिरकी ठोका. दोरीची ओढ खुंटीशी काटकोनात आली की ती सुटत नाही. जमीन खडकाळ असेल तर दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा आणि त्यावर दुसरा दगड ठेवा. बाजूच्या दोऱ्या हवा शांत असली तरी बांधाच. रात्री दोनला वारा सुटल्यावर त्या बांधायला कोणी बाहेर येत नाही. नायलॉनचं कापड ओलाव्याने सैल पडतं, म्हणून झोपण्याआधी एकदा सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणा.

सकाळी तंबूच्या आतून पाणी ठिबकलं की नवखे म्हणतात, तंबू गळतोय. बहुतेक वेळा ते आपल्याच श्वासाचं पाणी असतं. तळ्याकाठची हवा आधीच दमट, त्यात आतली वाफ गार कापडाला लागून थेंब होते. उपाय एकच: हवेची वाट उघडी ठेवायची. वरच्या खिडक्या उघड्या, दाराची चेन वरून वीतभर सोडलेली, आणि फ्लाय आतल्या जाळीला कुठेही टेकत नाही याची खात्री. गारठ्यात सगळं घट्ट बंद करावंसं वाटतं, पण तसं केलं तर पहाटे बॅग ओली होते आणि ओली बॅग ऊब देत नाही. डोकं बॅगेत खुपसून झोपू नका, त्याचंही कारण हेच.

पाणी

नितळ दिसतं म्हणून तळ्याचं पाणी थेट पिऊ नका. जनावरांच्या विष्ठेतून येणारे जिआर्डियासारखे परजीवी नितळ, गार पाण्यातही मजेत जगतात. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे उकळणं: खळखळून १ मिनिट, २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं. हातातले फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतात, पण बरेचसे फिल्टर विषाणू अडवत नाहीत. रात्री गोठण्याइतकी थंडी असेल तर फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. आत पाणी गोठलं तर त्यातल्या बारीक नळ्या फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. क्लोरीनच्या गोळ्या हलक्या आणि सोयीच्या, पण क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीपुढे त्यांचा भरवसा नाही.

पाण्यावर हिरवट-निळसर साय किंवा सांडलेल्या रंगासारखे पट्टे दिसले तर ते पाणी कशालाच वापरू नका. त्यातलं विष उकळून जात नाही. मुलांना आणि कुत्र्यांनाही लांब ठेवा.

भांडी, अंग, कपडे तळ्यात धुवायचे नाहीत. साबणावर 'निसर्गात विघटन होणारा' असं लिहिलं असलं तरी ते विघटन मातीत होतं, पाण्यात नाही. बादलीत पाणी घेऊन साठ मीटर मागे जा, तिथे धुवा, खरकटं गाळून कचऱ्याच्या पिशवीत टाका आणि उरलेलं पाणी मातीवर पसरून टाका. शौचालय नसेल तर तितक्याच अंतरावर १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा खणून नंतर बुजवायचा. कागद पिशवीतून परत न्यायचा.

चूल आणि शेकोटी

स्वयंपाक गॅसच्या छोट्या स्टोव्हवर करा, शेकोटी बसायला ठेवा. शेकोटीवर रांधण्यात मजा आहे, पण भुकेल्या मुलांसमोर ओलं लाकूड फुंकत बसण्यात नाही. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, २००० मीटरवर साधारण ९३ अंशांना, त्यामुळे धान्य-कडधान्य शिजायला वेळ आणि गॅस दोन्ही जास्त लागतात. पटकन होणारं किंवा घरून अर्धं तयार केलेलं न्या. गॅसच्या डब्यावर आत काय आहे ते वाचा. नुसता ब्यूटेन असेल तर शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही आणि स्टोव्ह मलूल पडतो. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण थंडीत चालतं.

तंबूच्या आत स्टोव्ह, कोळसा, निखाऱ्यांचं भांडं, काहीही पेटवायचं नाही. बाहेर धो-धो पाऊस असला तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला ते जागं करत नाही. विझलेत असं वाटणारे निखारेही तो वायू सोडत राहतात.

शेकोटी तिच्यासाठी बांधलेल्या गोल कड्यातच पेटवा, तंबूपासून चार-पाच मीटर लांब. तंबूच्या कापडाला एक ठिणगी पुरते. लाकूड जमिनीवर पडलेलं, वाळलेलं, मनगटाहून जाड नको. ते वेचायला बंदी असेल तर कॅम्पग्राउंडवरून विकत घ्या. लांबून लाकूड गाडीत घालून आणू नका, सालीखालची कीड एका जंगलातून दुसऱ्या जंगलात अशीच पोहोचते. वारा रात्री दिशा बदलतो, हेही ध्यानात ठेवा. दिवसा तो तळ्याकडून काठाकडे आणि उतारावरून वर वाहतो, रात्री डोंगराकडून तळ्याकडे. दुपारी बिनधोक वाटलेली शेकोटी अंधार पडल्यावर तंबूकडे धूर ओकायला लागू शकते.

विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघा. ऊब लागली तर अजून पाणी. नुसती माती टाकून झाकलेली आग खाली मुळांमधून धुमसत राहते आणि काही दिवसांनीही वर येऊ शकते.

खाणं आवरून ठेवणं

झोपण्याआधी वास येणारी प्रत्येक गोष्ट तंबूबाहेर. प्रत्येक म्हणजे टूथपेस्ट, साबण, ओठांचं मलम, च्युइंगगमचं रिकामं कव्हरसुद्धा. अस्वलांच्या मुलखात कॅम्पग्राउंडवर लोखंडी पेट्या असतात, त्याच वापरा. काही ठिकाणी गाडीत अन्न ठेवायलाही बंदी असते, कारण अस्वल गाडीची काच सहज फोडतं. अस्वलं नसतील तरी उंदीर, माकडं, रानडुकरं आहेतच. उंदीर एका बिस्किटासाठी महागड्या तंबूला भोक पाडतो. प्राण्यांना हौसेने खायला घालू नका. माणसाच्या अन्नाला चटावलेलं जनावर पुढच्या मुक्कामवाल्यांना त्रास देतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं.

रात्र

झोपायला जाण्याआधी काहीतरी पोटभर खा, लघवीला जाऊन या, आणि दिवसभराचे सगळे कपडे काढून तो कोरडा जोड घाला. दिवसाचे कपडे कोरडे वाटत असले तरी त्यात घाम असतो. बॅगेत शिरताना अंग गरम हवं, कारण बॅग ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवते. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून पायाशी ठेवा.

कुणी थरथरत असेल, अडखळत असेल, चेन लावायला बोटं वळत नसतील, बोलणं जड झालं असेल तर ती नुसती थंडी नाही. लगेच ओले कपडे काढा, बॅगेत घाला, टोपी घाला, नीट शुद्धीवर असेल तर गरम आणि गोड प्यायला द्या. थरथर थांबली आणि माणूस अजून गार व गोंधळलेला आहे, तर हालत बिघडतेय, मदत बोलवा. शिट्टीचे लागोपाठ तीन आवाज हा संकटाचा इशारा जगभर ओळखला जातो.

आवाजाचं एक सांगायला हवं. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची तुलनेने ऊबदार असते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि तळ्यावरून दूरवर जातो. काठावर बसून हळू मारलेल्या गप्पा पलीकडच्या काठाला स्पष्ट ऐकू येतात. कुणाबद्दल बोलताय ते बघून बोला. स्पीकर तर घरीच ठेवा.

डास सूर्यास्ताच्या सुमारास तुटून पडतात. त्याआधीच लांब बाह्या घाला, उघड्या अंगाला डीट किंवा पिकारिडिन असलेलं मलम लावा. डीट प्लॅस्टिक आणि काही कृत्रिम कापडं खराब करतं, तेव्हा ते हाताला असताना चष्मा, घड्याळ हाताळू नका. गवतातून फिरून आल्यावर काखा, गुडघ्यामागे, कानामागे गोचीड तपासा. सापडला तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. तेल, चटका वगैरे उपाय नकोत.

पाण्यात उतरायचं असेल तर

उन्हात डोंगरातल्या तळ्याचा वरचा हातभर थर कोमट होतो आणि तोच फसवतो. त्याखाली पाणी एकदम गार असतं. गार पाण्यात अचानक उडी मारली की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. थंड पाण्यातल्या बचावाचं शिक्षण देणारे १-१०-१ हे सूत्र सांगतात: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ती साधारण १० मिनिटं, आणि शरीर गारठून शुद्ध जायला सुमारे १ तास. म्हणजे घाबरून लगेच हातपाय मारण्यापेक्षा आधी तरंगत राहून श्वास स्थिर करा, मग काठाकडे निघा.

उडी मारूच नका, चालत हळूहळू उतरा आणि काठाला समांतर पोहा. होडीत लाइफ जॅकेट अंगात असावं, पायाशी नाही. फुगवायच्या गादीवर वारा सुटल्यावर ताबा राहत नाही. दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्याला अडवा, तो रागावला तरी.

वीज कडाडली तर

डोंगरात वादळं बहुतेक दुपारनंतर जमतात, म्हणून लांबची भटकंती आणि होडी सकाळी उरका. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच पाण्यातून बाहेर या आणि पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत बसा. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही. एकट्या उंच झाडाखालीही थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं जाऊ द्या, मगच बाहेर पडा.

आवरताना

सकाळी घाई करू नका. फ्लाय उलटा करून फांदीवर किंवा उन्हात टाका, मॅटखालची जमिनीकडची बाजू पुसा, खुंट्या मोजून पिशवीत घाला. एक तरी खुंटी नेहमीच पाल्यात हरवलेली असते. साइटवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने चालत जाऊन बाटल्यांची झाकणं, दोरीचे तुकडे, फळांच्या सालीसुद्धा उचला.

तंबू कितीही कोरडा वाटला तरी घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी पिशवीतून बाहेर काढा आणि दोन दिवस पसरून ठेवा. तळ्याकाठचा दमटपणा शिवणींमध्ये राहतोच, आणि एकदा बुरशीचा वास बसला की तो जात नाही. स्लीपिंग बॅग घट्ट पिशवीत कोंबून महिनोन्‌महिने ठेवू नका, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. गॅसच्या डब्यात किती उरलंय ते वजन करून डब्यावरच मार्करने लिहून टाका.